रोप लावण्याआधी त्याची डहाळी जाळून बघा

महाराष्ट्रात वर्षातून दोनदा डोंगरांची आठवण निघते. एकदा फेब्रुवारीत, वणवे लागायला लागले की; आणि एकदा जुलैत, खड्डे खणून रोपं लावायची वेळ आली की. फेब्रुवारीत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, काढल्या जातात, ब्लोअरने पाला उडवला जातो, वनमजूर हिरव्या फांद्यांनी आग झोडपत उतारभर धावतात. जुलैत रोपांचे आकडे जाहीर होतात. या दोन हंगामांची एकमेकांशी गाठ पडत नाही. आज लावलेलं रोप पाच वर्षांनी फेब्रुवारीत कसं जळेल, हे लावताना कोणी विचारत नाही. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्याने ५० कोटी झाडांचा संकल्प सोडला होता: आधी ४ कोटी, मग १३, मग ३३. किती जगली, कुठली जात लावली, पैसा कुठे गेला, यावर पुढे भरपूर वाद झाले, विधिमंडळातही झाले. ती झाडं आगीत कशी वागतील हा मुद्दा त्या वादांत माझ्या वाचनात एकदाही आला नाही.

माझी मागणी साधी आहे. सरकारी पैशाने जे झाड, जे झुडूप लावायचं, त्याची ज्वलनशीलता आधी प्रयोगशाळेत मोजा, आपल्याच डोंगरावरच्या डहाळीवर मोजा, आगीच्याच हंगामात मोजा, आणि तो आकडा सगळ्यांना वाचता येईल असा मांडा. काम फार खर्चाचं नाही आणि अवघड तर अजिबात नाही. दुसऱ्या देशांत ते होतं आहे.

न्यूझीलंडचं उदाहरण घेऊ. ख्राइस्टचर्च शहराजवळच्या लिंकन विद्यापीठात एक उपकरण आहे. तिथले लोक त्याला झाडांचा बार्बेक्यू म्हणतात, आणि दिसायलाही ते तसंच आहे: आडवा कापलेला पिंपासारखा लोखंडी डबा, त्यात गॅसचे बर्नर, वर जाळी. मूळ आराखडा अर्जेंटिनातल्या शास्त्रज्ञांनी २०११मध्ये प्रसिद्ध केला होता. सुमारे ७० सेंटिमीटर लांबीची डहाळी झाडावरून तोडायची, पानं, फुलं, वाळलेल्या काटक्या सगळ्यांसकट. तिच्यातलं पाणी उडू नये म्हणून पिशवीत बंद करून आणायची. जाळीवर ठेवून दोन मिनिटं सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवायची, कारण खऱ्या वणव्यातही ज्वाळा पोहोचण्याआधी धग पोहोचते. मग दहा सेकंद ब्लोटॉर्चची ज्योत द्यायची आणि काढून घ्यायची. यापुढचं काम डहाळीचं. ती पेटली का, जळताना जास्तीत जास्त किती तापली, किती सेकंद जळत राहिली, आणि विझल्यावर तिचा किती भाग उरला, एवढ्या चार गोष्टी लिहून घ्यायच्या. एका जातीच्या अनेक झाडांवरून अशा डहाळ्या घेतल्या की त्या जातीचा स्वभाव कळतो.

२०१६मध्ये या पद्धतीने ६० जातींची क्रमवारी प्रसिद्ध झाली. सगळ्यात वर होती निलगिरीची एक जात, जी न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणलेली आहे. त्या क्रमवारीत मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कित्येक वर्षं आगी विझवणाऱ्या जाणत्या माणसांनी निरीक्षणावरून जी यादी केली होती, तिच्याशी प्रयोगशाळेची यादी बऱ्यापैकी जुळली. म्हणजे अनुभवाला मोजमापाचा आधार मिळाला. पुढे २०२०मध्ये १९४ जातींवरचं काम आलं आणि त्यातून असं दिसलं की एका कुळातल्या वनस्पती आगीत साधारण सारख्या वागतात. आणि ज्यांचं मूळ घर वारंवार जळणाऱ्या प्रदेशात, त्यांच्या डहाळ्या अधिक जोरात जळतात. दरम्यान फेब्रुवारी २०१७मध्ये ख्राइस्टचर्चच्या कडेच्या पोर्ट हिल्सना आग लागली, सोळाशेहून अधिक हेक्टर जळालं, नऊ घरं गेली, आग विझवणाऱ्या हेलिकॉप्टरचा वैमानिक गेला. त्यानंतर घराभोवती काय लावावं हा त्या शहरात हौसेचा विषय राहिला नाही. आज तिथली अग्निशमन यंत्रणा कमी ज्वलनशील झाडांची यादी लोकांना देते.

मोजण्याच्या आणखीही पद्धती आहेत. कोन कॅलरीमीटर नावाचं यंत्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तयार झालं, मुख्यतः बांधकामाचं आणि फर्निचरचं सामान तपासायला. जळताना किती ऑक्सिजन खर्च झाला त्यावरून किती उष्णता निघाली ते ते सांगतं. फ्रान्समध्ये ५०० वॉटच्या तापलेल्या तबकडीवर ग्रॅमभर पानं टाकून ती किती सेकंदांत पेटतात ते पाहतात. या यंत्रांचे आकडे काटेकोर असतात, पण झाड तिथे चिमूटभर उरतं. फांदीची ठेवण, पानांमधली हवा, आत अडकलेल्या वाळक्या काड्या, सगळं निघून जातं. म्हणून मला शेगडीवर अख्खी डहाळी ठेवण्याची पद्धत आपल्यासाठी जास्त उपयोगाची वाटते. लोहाराकडून करून घेता येईल असं ते उपकरण आहे.

आता ‘हिरवं झाड जळत नाही’ या समजुतीबद्दल. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं आपण म्हणतो, आणि आकडेही तेच सांगतात. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे अडीच हजार किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेलं गवत किंवा पाला जळताना अठरा ते वीस हजार किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणजे नुसत्या हिशोबाने एक किलो वाळकं गवत सात किलो पाणी उडवू शकतं. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता वर निघून जाते, तरीही आग मोठी असेल तर हिरवेपणा फक्त वेळ खातो, अडवत नाही. अर्थात तो खाल्लेला वेळच पुष्कळदा निर्णायक ठरतो. ज्वाळा पुढे सरकत असते. पान पेटायला वीस सेकंद जास्त लागले तर तेवढ्यात ती ओसरूनही गेलेली असते. म्हणून कुठलं झाड किती वेळ खातं, हे मोजण्यालाच अर्थ आहे.

वाळल्यानंतर सगळ्याच झाडांतून वजनाला साधारण सारखीच उष्णता निघते. फरक पडतो तो बारीकपणाने, मोकळेपणाने आणि तेलांनी. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक काडी हवेतल्या कोरडेपणाशी तासाभरात जुळवून घेते. सकाळी दवाने ओलसर असलेलं कुसळी गवत दुपारी बारा वाजता ठिणगीची वाट बघत उभं असतं, ते याच कारणाने. निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक, सिनिऑल, सुमारे ४९ अंशांलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतो. आणि मोकळेपणाचं म्हणाल तर पानगळीचा थर बघावा लागतो. ट्रेमध्ये वेगवेगळ्या झाडांचा पाला पसरून पेटवण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत झाले. त्यांतून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली: मोठी पानं एकावर एक नीट बसत नाहीत, त्यांच्यात हवा खेळते, आग झपाट्याने पुढे जाते. बारीक पानांचा थर दाबून बसतो आणि तिथे आग मंदावते.

हे वाचल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पहिलं झाड येतं ते साग. जानेवारीपासून सागाची पानं गळायला लागतात, ताटाएवढी पानं, कडा वळलेली, पायाखाली चुरचुरणारी. मार्चमध्ये सागाच्या लागवडीत शिरलं की घोट्यापर्यंत पाला असतो आणि त्यात हात घातला तर खालच्या मातीपर्यंत सहज जातो. इतका तो पोकळ असतो. वर सांगितलेला नियम सागाला लावला तर हा थर धोक्याचा ठरायला हवा. चिंचेखालचा थर याच्या अगदी उलट, भुशासारखा दाटलेला. या दोघांतला फरक किती, हे ठरवायला एक लोखंडी ट्रे, एक वजनकाटा, एक थर्मामीटर आणि एक घड्याळ पुरतं. गडचिरोली-चंद्रपुरात सागाची लागवड पिढ्यान् पिढ्या होते आहे. तिच्याखालच्या पाल्याचा ज्वलनाचा आकडा लागवडीच्या प्रत्येक आराखड्यात असायला हवा, जसा मातीच्या खोलीचा असतो.

कारवीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. फुलण्याच्या वर्षी तिथे पर्यटकांची रीघ लागते. पुढच्या वर्षी त्याच उतारावर पुरुषभर उंचीच्या वाळक्या काड्यांचं रान उभं असतं. पूर्वी घराच्या कुडासाठी माणसं कारवी तोडून नेत. आता भिंती विटा-सिमेंटच्या झाल्या आणि कारवी जागच्या जागी वाळते. एकच वनस्पती, एकच उतार, आणि दोन वर्षांत आगीच्या दृष्टीने दोन टोकं. म्हणून मी हंगामात मोजा, वयानुसार मोजा असं म्हणतो. ऑगस्टमध्ये डहाळी तोडून ‘अल्प ज्वलनशील’ असा शिक्का मारणं ही निव्वळ फसवणूक ठरेल.

ग्लिरिसिडियाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ते झाड आपल्याकडे वादाचं आहे. गिरिपुष्प, उंदीरमारी अशा नावांनी लोक त्याला ओळखतात. पुण्याच्या टेकड्यांवर, कित्येक गावांच्या गायरानांवर ते मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. फांदी खोचली की रुजतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, जमिनीत नत्र धरतं. त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे ते आगीला दाद देत नाही. आग्नेय आशियात माजलेलं गवत सावलीने मारण्यासाठी त्याचा उपयोग केला जातो, हेही खरं. पण आपल्या टेकड्यांवर नेमक्या वणव्याच्या महिन्यांत ग्लिरिसिडिया निष्पर्ण असतो, फिकट गुलाबी फुलं लेऊन उभा. सावली नाही, म्हणून खाली गवत आहे. आणि गवत आहे, म्हणून आग आहे. जळाल्यावर पावसात त्याला बुंध्यातून नवे धुमारे येतात आणि आपण म्हणतो, बघा, आगीला पुरून उरलं.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आगीतून वाचणं हा एक गुण आणि आग पुढे न जाऊ देणं हा दुसरा. ऐनाची साल बघा, मगरीच्या पाठीसारखी जाड, भेगाळलेली. आतल्या जिवंत थराला ती धग लागू देत नाही, म्हणून ऐन वणव्यातून सहीसलामत निघतो. पण त्याने शेजारच्या झाडाला, बांधापलीकडच्या बागेला काही संरक्षण मिळतं असं नाही. पळस, धावडा, आवळा, सगळ्यांनी आपापल्या परीने तगून राहण्याच्या युक्त्या शोधल्या आहेत. लागवडीच्या कागदांवर ‘अग्निरोधक’ हा एकच शब्द या दोन्ही गुणांसाठी वापरला गेला, तर तिथेच घोटाळा झाला. ग्लिरिसिडियाच्या बाजूचे आणि विरोधातले लोक वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येतात. मार्चमध्ये टेकडीवरून त्याच्या वीस डहाळ्या आणि त्याखालचा पाला-गवत आणून जाळून पाहिला, तर निदान या एका मुद्द्यावरचा वाद आठवड्यात मिटेल.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सगळ्यात जोरकस आक्षेप असा की वणवे माणसं लावतात, झाडं नाही. अगदी बरोबर. आपल्याकडे आपोआप लागणारा वणवा जवळजवळ नसतोच. पुढच्या वर्षी गवत चांगलं येईल म्हणून, मोहफुलं वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून, राब भाजताना आवरली नाही म्हणून, विडीचं थोटुक टाकलं म्हणून. कारणं सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्यांवर गावागावांत बसून बोलण्याला पर्याय नाही. पण आग लावणं आणि आग पसरणं यांत फरक आहे. ठिणगी पन्नास फुटांवर विझते की पाच डोंगर पार करते, ते तिथे काय उभं आहे आणि काय पडलेलं आहे यावर ठरतं. ठिणगीवर सरकारचा ताबा फारच थोडा. रोपवाटिकेत काय वाढवायचं यावर मात्र पूर्ण ताबा. दरवर्षी आग लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. जळण लावणाऱ्याला मात्र कधी कोणी जाब विचारलेला नाही. मोहफुलं वेचणाऱ्या बाईला दोष देऊन झाल्यावर, तिच्या डोंगरावर सागाचा एकसुरी पट्टा कोणी लावला, हेही विचारायला हवं.

हवाई बेटांवर ऑगस्ट २०२३मध्ये लाहैना गाव जळालं, शंभरावर माणसं गेली. गावाच्या वरच्या बाजूला जुन्या मळ्यांच्या पडून राहिलेल्या जमिनींवर बाहेरून आणलेली गवतं माजली होती. त्यांत गिनी गवतही होतं, जे आपल्याकडे चारा म्हणून लावलं जातं. गुरांसाठी आणलं तेव्हा त्याच्या ज्वलनाचा विचार करण्याचं कारण कोणाला दिसलं नव्हतं. मळे बंद पडले, कापणारं कोणी राहिलं नाही, आणि चाऱ्याचं जळण झालं.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचाच आहे. प्रयोगशाळेतली डहाळी म्हणजे जंगल नव्हे, हे २०१२मध्ये फर्नांडिस आणि क्रूझ या दोन वणवा-अभ्यासकांनी ठणकावून सांगितलं आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे. शेगडीवर वारा नसतो. चढ नसतो, आणि चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे, जो सह्याद्रीत विसरून चालणार नाही. आपल्या देवरायांकडे पाहिलं तर ही मर्यादा लगेच कळते. गवताळ उतारावरून धावत आलेली आग पुष्कळदा देवराईच्या कडेला येऊन दमते. तिथे अंजनी, जांभूळ यांची गच्च सावली असते, गवत उगवतच नाही, पाला दमट असतो, वारा अडतो. हे श्रेय एका झाडाच्या पानाला देता येणार नाही, ते सगळ्या रानाच्या रचनेचं आहे. पण या आक्षेपातून मोजूच नका असा निष्कर्ष निघत नाही. डहाळीच्या आकड्यावरून वणव्याचं भाकीत करू नये, एवढंच निघतं. दोन झाडांपैकी कुठलं बरं, हे ठरवायला क्रमवारी पुरते.

स्पेनमधल्या सरूच्या झाडांची हकीकत या बाबतीत फार शिकवून जाते. २०१२च्या उन्हाळ्यात व्हॅलेन्सिया प्रांतात आंदिया गावाच्या परिसरात मोठी आग लागली, वीस हजार हेक्टरच्या आसपास प्रदेश जळाला. त्या काळ्या पडलेल्या मुलखात भूमध्य सागरी सरूच्या झाडांचा एक तुकडा जवळजवळ जसाच्या तसा हिरवा उभा राहिला. सरू हे राळेचं, खवल्यांसारख्या बारीक पानांचं झाड. ते भडकणार अशीच सगळ्यांची समजूत. मग प्रयोगशाळेत त्याच्या फांद्या आणि पाला तपासला. पानांत पाणी भरपूर निघालं आणि पेटायला वेळ लागला. खालचा पाला बारीक, दाट, ओल धरून ठेवणारा निघाला. नुसत्या समजुतीवर यादी केली असती तर सरू तिच्यात धोक्याच्या रकान्यात बसला असता. मात्र हाच सरू कुंपणासाठी कातरून कातरून वाढवला तर आतल्या बाजूला वाळक्या काड्यांचा गठ्ठा साठतो आणि तो गठ्ठा वेगळ्याच रीतीने पेटतो. म्हणजे जात मोजून भागत नाही, ती कशी राखली आहे तेही मोजावं लागतं.

तिसरा आक्षेप मला जवळचा वाटतो: लोकांना हे आधीच ठाऊक आहे, प्रयोगशाळेची गरज काय? धनगर, कातकरी, ठाकर, जुने वनमजूर यांना कुठलं लाकूड धुमसतं, कुठलं तडतडतं, कुठली ओली काटकी चुलीत घातली तरी चालते, हे नक्कीच ठाऊक असतं. न्यूझीलंडमध्येही पहिली यादी जाणत्यांचीच होती. आपणही तिथूनच सुरुवात करावी आणि यादीवर त्या माणसांची नावं लागावीत. पण हे ज्ञान ओळखीच्या झाडांचं आहे. मुळशी-पानशेतच्या कडेने, लोणावळ्याच्या माळावर, कोकणातल्या नव्या बंगल्यांच्या प्लॉटवर जी रोपं लागत आहेत, शोभेचे पाम, मोरपंखीच्या ओळी, परदेशी गवताच्या हिरवळी, त्यांच्याबद्दल आजी-आजोबांनी काही सांगून ठेवलेलं नाही. घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपं तर गेल्या काही पिढ्यांत रानभर झाल्या. आग लागली की घाणेरी वाढते आणि घाणेरी वाढली की आग वाढते, असं चक्र भारतीय जंगलांत असावं अशी मांडणी २००५मध्ये झाली. अशा मांडण्या तपासायला डहाळीचे आकडेच लागतात.

एक भीती मात्र मलाही आहे. यादी आली की तिचा धंदा होईल. रोपवाटिका ‘फायरप्रूफ’ अशी पाटी लावून रोपं विकतील, जी गोष्ट जगात अस्तित्वातच नाही. कमी जळणारं एकच झाड निवडून सगळीकडे तेच लावण्याचा मोह सरकारला होईल. चीनमध्ये हिरव्या अग्निरोधक पट्ट्यांची, म्हणजे आग अडवायला लावलेल्या झाडांच्या पट्ट्यांची, लांबी ३ लाख ६० हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे आणि त्यांत शिमा या एकाच झाडाचा वाटा फार मोठा आहे. आपण ते तसंच्या तसं उचलू नये. आणि सगळ्यात मोठा धोका आपल्या माळरानांना आहे. गवत जळतं, म्हणून गवताच्या जागी झाडं लावा, असा सोपा तर्क कोणीतरी करेलच. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ हा माळढोकाचा आहे, लांडग्या-चिंकाऱ्यांचे माळ त्यांचे आहेत. ते फसलेलं जंगल नव्हे. ज्वलनशीलतेचा आकडा दाखवून त्या गवतावर कुऱ्हाड चालवू देता कामा नये, हे यादीच्या पहिल्याच पानावर ठळक छापायला हवं.

मग हे आकडे वापरायचे कुठे? माझ्या मते सुरुवात कोकणातल्या बागांच्या बांधांपासून व्हावी, कारण तिथे नुकसान दरवर्षी होतं आणि थेट माणसाच्या पोटावर येतं. दिवाळीनंतर कातळावरचं गवत पिवळं पडतं. बागायतदार बागेतली साफसफाई करतो, भोवती गवत कापून मोकळा पट्टा राखतो, पण शेजारची जमीन मुंबईकर मालकाची असते आणि तिथे छातीभर गवत उभं असतं. रस्त्याकडून ठिणगी येते. काजू-आंब्याची कलमं बुंध्याशी भाजतात, सालीला तडे जातात, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटतात. झाड लगेच मरत नाही; पुढचे कित्येक हंगाम ते नीट धरत नाही, आणि पंचनाम्यात तेवढं बसत नाही. मग बंब येतो तो तालुक्याच्या गावाहून, कातळावर चढू न शकणारा. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी.

या बांधावर जिवंत कुंपण घालायचं तर काय लावावं? शेर लावावा, तर तो चिकाने भरलेला, पाणीदार, पण त्याचा चीक डोळ्यांना घातक. करवंद बारमाही हिरवी, दाट, वर उत्पन्नही देते, पण तिच्या आत वाळक्या काट्या किती साठतात? निरगुडी हिरवी राहते, मात्र पानांत सुगंधी तेल आहे. ते आगीत किती महत्त्वाचं ठरतं? मोगली एरंडाचं खोड मांसल, पण उन्हाळ्यात पानं गळलेली आणि बिया तेलाच्या. घायपाताची पाती पाण्याने फुगलेली, पण खालची जुनी पाती वाळून तंतूंचा झुबका होतो. पाच झाडं, पाचांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखं बरंच काही, आणि बागायतदाराच्या हातात निर्णयाला आधार म्हणून काय, तर शेजाऱ्याने काय लावलं ते. हा प्रश्न चर्चेने सुटणारा नाही. तो शेगडीवर सुटतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे, डेहराडूनला वन संशोधन संस्था आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधात बसेल एवढं हे काम आहे. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल अशा तीन महिन्यांत प्रत्येकी एकदा डहाळ्या तोडायच्या, त्यांतल्या पाण्याचं वजन काढायचं, डहाळी आणि खालचा पाला दोन्ही जाळायचे, आणि जे झाड मोजलं त्याची जागा, वय, राखण नोंदवायची. कोकणासाठी वेगळी यादी, घाटमाथ्यासाठी वेगळी, विदर्भाच्या पानझडी जंगलासाठी वेगळी. आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतील अशा भाषेत. बागेचा बांध, गावठाणाची कड आणि डोंगरातून जाणाऱ्या रस्त्याची बाजू, एवढ्या तीन जागांसाठी सरकारी रोपवाटिकेतून रोप देताना हा आकडा सोबत देणं सक्तीचं करावं. सामाजिक वनीकरणाच्या रोपावर आज नाव आणि उंची लिहिलेली असते. त्याखाली आणखी एक ओळ मावते. येत्या फेब्रुवारीत तोडणी सुरू झाली, तर जुलैची रोपं वाटण्याआधी कुंपणाच्या या पाच झाडांचा निकाल हातात असेल.